काळ्या लिंबाची वाट

आपल्याच जिल्ह्यात हिंडून आल्यावर प्रवासवर्णन लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण माझं जाणं एका परदेशी पाहुण्याबरोबर झालं, आणि पाहुणा सोबत असला की स्वतःचं घरसुद्धा वेगळं दिसायला लागतं. आधी कोपऱ्यातली जळमटं दिसतात, मग उशिरा कधीतरी खिडकी दिसते. मी नगरला वाढले, वडील तिथे शाळेत शिक्षक होते. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पाट्याही बदलल्या आहेत; माझ्या तोंडातून मात्र अजून नगरच निघतं, तेव्हा तसंच लिहिते.

सध्या मी पनवेलला राहते आणि न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करून देणाऱ्या एका कंपनीत काम करते. आमच्या ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागे एक नकाशा लावलेला आहे. त्यावर मुंबईतून एक जाड निळा बाण निघतो, समुद्र ओलांडून इराणच्या बंदर अब्बासला पोचतो, तिथून वर कॅस्पियन समुद्राकडे आणि पुढे अझरबैजान, रशिया असा जातो. आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण वाहतूक कॉरिडॉर असं त्याचं लांबलचक नाव. या बाणावर परिषदा होतात, करार होतात, मंत्री हात हातात घेऊन फोटो काढतात. मी रोज त्या बाणाखाली बसून डबा खाते, त्यामुळे मला त्याचं फारसं अप्रूप नाही. नकाशावर बाण गुळगुळीत असतो. प्रत्यक्षात कुठे रेल्वेचा तुकडा अजून जोडायचा आहे, कुठे बँक पैसे पोचवायला तयार नाही, आणि कुठे दोन देशांचं बिनसलं की जहाजच येत नाही. शिवाय या बाणाची शेपटी कायम मुंबईत का असते, हे मला आजवर कळलेलं नाही. मुंबईत लिंबं पिकत नाहीत.

लिंबं पिकतात आमच्याकडे, श्रीगोंदा-कर्जतच्या बाजूला. उन्हाळ्यात लिंबाला सोन्याचा भाव येतो आणि थंडीत त्याच लिंबाला कोणी विचारत नाही. कर्जतच्या पलीकडच्या एका गावातल्या बायकांच्या बचत गटानं या थंडीतल्या लिंबावर एक उपाय काढला होता: मिठाच्या पाण्यातून उकळून काढायची आणि उन्हात वाळवायची. पार काळी, हलकी, टणक होईपर्यंत. आपल्याकडे हे कोणी खात नाही, पण इराणात असं काळं लिंबू घातल्याशिवाय कित्येक कालवणं पुरी होत नाहीत. त्यांच्याकडच्या बागांवर मागे रोग पडला, म्हणून तिथले व्यापारी बाहेरून लिंबू शोधत असतात. गटानं आदल्या वर्षी थोडा माल नमुना म्हणून पाठवला होता. तो वाटेत ओला झाला, बुरशी आली, आणि तिकडून दोन ओळींचा सभ्य नकार आला. यंदा बायकांनी जिद्दीनं पुन्हा माल केला, आणि या वेळी भरपूर केला.

ज्यांनी नकार दिला होता ते फरहादसाहेब दिल्लीला कॉरिडॉरवरच्याच एका परिषदेसाठी येणार होते. जाता जाता माल डोळ्यांनी पाहतो आणि काय ते ठरवतो, असं त्यांनी कळवलं. त्यांना मुंबईतून न्यायचं, गाव दाखवायचं आणि शिर्डीच्या विमानतळावरून दिल्लीला पाठवायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, तुम्ही तिकडच्याच ना. पंधरा माणसांच्या ऑफिसात तिकडची मी एकटीच.

सुपा

फरहादसाहेब साठीच्या आसपासचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. इंग्रजी जपून बोलायचे. घाट चढून पुणं मागे पडेपर्यंत आम्ही दोघंही कामापुरतंच बोललो. मग शिरूर ओलांडल्यावर त्यांनी एका पाटीकडे बोट दाखवून विचारलं, ते काय लिहिलंय? मी म्हटलं, दुकान. ते एकदम सरसावून बसले. "दुक्कान?" त्यांच्याकडेही दुकानच. मग आमचा खेळच सुरू झाला. बाजार, दरवाजा, जमीन, कागद, बाग, खर्च. लिंबू म्हटलं तर ते म्हणाले लीमू. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीपाशी मी कारखाना म्हटलं तेव्हा तर त्यांनी टाळीच दिली. शाळेत असताना मला सातबाऱ्यावरचे शब्द म्हणजे कोणीतरी मुद्दाम अवघड करून ठेवलेले वाटायचे. इथे एक माणूस त्यातला निम्मा शब्दसंग्रह घरून घेऊन आला होता.

सुप्याच्या त्या फाट्यावर परदेशी कंपन्यांच्या पाट्यांखाली कंटेनरची रांग उभी असते. मी लहानपणी पुण्याला जाताना इथे नुसतं माळरान पाहिलेलं आहे. आम्ही रस्त्याकडेच्या एका हॉटेलात मिसळ खायला थांबलो. फरहादसाहेबांनी मिसळीकडे जेमतेम पाहिलं, पण सोबत आलेली लिंबाची फोड उचलून तिची साल नखानं तपासली, वास घेतला, उजेडात धरली. मग रस्सा चाखला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

तेवढ्यात बाहेर आमच्या सोपानची एका टेम्पोवाल्याशी जुंपली. सोपान आमचा ड्रायव्हर, मूळचा पारनेरचा, गाडीला कोणी हात लावलेला त्याला खपत नाही. टेम्पो आमच्या गाडीच्या मागे आडवा लागला होता. मी आतूनच ओरडले, "सोपान, तमाशा नको." सोपान गप्प झाला. वळून पाहते तर फरहादसाहेब भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी विचारलं, काय झालं? ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, बघू नका म्हणून."

फारसीत तमाशा म्हणजे नुसतं बघणं. आपल्याकडे येईपर्यंत त्या शब्दाला ढोलकी लागली, मग भांडण लागलं. मी त्यांना हे समजावून सांगितलं आणि आम्ही दोघं पोटभर हसलो. सगळे शब्द सारखे राहत नाहीत, वाटेत बदलतात, असं मी त्यांना मोठ्या शहाणपणानं सांगितल्याचंही मला आठवतं.

कर्जतच्या पुढे

रात्री नगरला मुक्काम करून सकाळी आम्ही कर्जतकडे निघालो. या बाजूचा माळ थंडीत फिकट पिवळा असतो. मधेच ज्वारीचा हिरवा तुकडा, मधेच लिंबोणीच्या काटेरी बागा. डोळ्यांना सुखावणारं असं काही नाही, आणि मला ते फार आवडतं. फरहादसाहेब म्हणाले, आमच्या दक्षिणेत असंच आहे, फक्त तुमच्याकडे बकऱ्या जास्त धष्टपुष्ट आहेत.

एसटी जिथून परत फिरते त्या वळणावर कमलताई उभ्या होत्या. या गटाच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, बुटक्या, आणि आवाज असा की लाउडस्पीकरची गरज पडू नये. त्यांच्यामागे पत्र्याची शेड, शेडपुढे जाळीच्या मांडवावर पसरलेली लिंबं. एका टोकाला पिवळी, मग तपकिरी, मग काळी, अशी ओळीनं रंग बदलत गेलेली. हवेत आंबट आणि किंचित धुरकट वास. दवाची ओल बसू नये म्हणून रोज संध्याकाळी ताडपत्री टाकायची, ऊन वर आलं की काढायची, दिवसातून दोनदा एकेक लिंबू हातानं फिरवायचं. पुरं वाळलेलं लिंबू कानाशी हलवलं की आतल्या बिया खुळखुळ्यासारख्या वाजतात. तयार माल शेडमध्ये पोत्यांत भरलेला होता. तो जेवणानंतर उघडायचा असं ठरलं.

शेडच्या खांबाला एक कोयता टांगलेला होता. मी सहज विचारलं तर कमलताई म्हणाल्या, माझाच. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी दसरा झाला की त्या नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायच्या, कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. उन्हाळा लागला की परत यायच्या. गटातल्या बहुतेक जणींचं तसंच. यंदा लिंबाच्या भरवशावर कोणीच गेलं नव्हतं.

"लगीन झाल्यापासून पयल्यांदा संक्रांत घरी केली मॅडम," त्या म्हणाल्या. "वान लुटलं. सुनंला म्हनलं, बघ गं, आपल्या गावात बी संक्रांत आस्ती."

मी पुढचं विचारलं नाही, कारण ते उघड होतं. पाहुण्यांनी माल घेतला तर पुढच्या वर्षीही संक्रांत घरी होणार. नाही घेतला तर दसऱ्याला ट्रक येणार आणि हा कोयता खांबावरून उतरणार.

जेवण शेडमध्येच. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, ठेचा. कमलताईंनी पाहुण्यांच्या मानाला म्हणून आमटीत काळं लिंबू ठेचून घातलं होतं. ती आमटी इतकी कडू झाली होती की सोपाननं माझ्याकडे दीनवाणं पाहिलं. फरहादसाहेबांनी मात्र वाटी संपवली, मग चुलीपाशी जाऊन उकिडवे बसले आणि एक लिंबू घेऊन दाखवलं: ठेचायचं नाही, बिया कडू असतात, सुईनं दोन-तीन भोकं पाडून अख्खंच सोडायचं. बायकांनी ते लगेच करून पाहिलं. चहाच्या वेळी त्यांनी दूध नको म्हणून खुणावलं, गुळाचा खडा मागून घेतला, दाताखाली धरला आणि वरून कोरा चहा प्यायले. त्यांच्याकडे साखरेचा खडा धरतात. कमलताई म्हणाल्या की त्यांचे सासरेही असाच प्यायचे. मला आजवर वाटायचं की असा चहा लोक गरिबीमुळे प्यायचे. चवीमुळेही पीत असतील.

बायकांना त्यांचं लिंबू कुठून कुठे जाणार ते जाणून घ्यायचं होतं. मी जमिनीवर काडीनं नकाशा काढला. हे तुमचं गाव, हे न्हावा-शेवा, हा समुद्र, हे पाहुण्यांचं बंदर, इथून पुढे रेल्वे, मग ट्रक. याला कॉरिडॉर म्हणतात.

"कारीडार म्हंजी दवाखान्यात आसतंय त्येच का?" कमलताईंनी विचारलं.

मी म्हटलं, तसंच समजा. लांब बोळ, बाजूला दारं, आणि प्रत्येक दारात एक माणूस बसलेला.

"आन त्येनं दार लावलं तर?"

"तर बाहेर बाकड्यावर बसायचं."

"मंग दवाखान्यावानीच हाय की," त्या म्हणाल्या. कॉरिडॉरवर मी आजवर जेवढी भाषणं ऐकली त्यात मला एवढं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं.

मग मुख्य कार्यक्रम झाला. कमलताई उठल्या, पदर खोचला आणि घसा साफ केला. तालुक्याच्या बचत गट मेळाव्यात त्या दोनदा बोलल्या होत्या. परदेशी पाहुण्यांसमोर घरचं बोलणं बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी भाषणातलं मराठी काढलं, जे आपण सगळेच पाहुणे आले की कपाटातल्या कपबशांसारखं बाहेर काढतो. "आदरणीय पाहुणे," त्या म्हणाल्या, "मागील वर्षी आमच्या मालाला ओल लागली. यंदा तसे होऊ नये म्हणून आम्ही सर्व भगिनींनी प्रयत्नांची शिकस्त केली."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर फरहादसाहेबांनी हात वर केला. "फहमीदम," ते म्हणाले. कळलं. काल दिवसभर आमचा शब्दांचा खेळ चाललेला, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. उलट पाहुण्यांना मराठी कळलं म्हणून मीच कौतुकानं हसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. फरहादसाहेब उभे राहिले, छातीवर हात ठेवून कमलताईंपुढे वाकले. पण त्यानंतर ते गप्प झाले. पोती उघडायची का, असं मी विचारलं तर म्हणाले, नको, गरज नाही. कमलताईंनी प्रत्येक पोत्यातली मूठ मूठ काढून नमुन्याची एक पिशवी केली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि न उघडता सोपानकडे दिली. निरोप घेताना कमलताई माझ्याकडे पाहत होत्या. मी मान हलवली, काळजी करू नका अशी. मला वाटत होतं की पाहुण्यांना ठेचा बाधला.

फराहबाग

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. नगरमधून निघण्याआधी फरहादसाहेबांना फराहबाग पाहायची होती, कारण नाव त्यांच्या भाषेतलं आहे, आनंद असा त्याचा अर्थ. मी नगरची असून तिथे शेवटची गेले होते ती शाळेच्या सहलीला. कोरड्या तळ्याच्या मधोमध उभा असलेला उंच महाल, चुन्याचा जुना रंग, आत पारव्यांची घुटर्रघूम. आम्ही शिरलो तेव्हा आमच्याशिवाय तिथे कोणीच नव्हतं.

निजामशाहीच्या काळात इराणातून माणसं समुद्रमार्गे चौल बंदरात उतरायची आणि घाट चढून नगरला यायची. विद्वान, कारागीर, घोड्यांचे व्यापारी. वडील आम्हाला हे सांगायचे आणि आम्ही जांभया द्यायचो. तेच मी फरहादसाहेबांना सांगितलं तर ते भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले. म्हणाले, मग दिल्लीत उद्या कशाला म्हणतील की नवा कॉरिडॉर? हा जुनाच आहे, मधे बंद होता एवढंच.

वरच्या बाजूला एक कमान ढासळलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून ते हळू म्हणाले, "शिकस्ते." मग माझ्याकडे वळले. "मोडलेली. हा शब्द तुमच्याकडेही आहे ना? काल त्या बाई म्हणाल्या. शिकस्त."

मला आधी काहीच उमगलं नाही. मग कमलताईंचं भाषण आठवलं. मी विचारलं, शिकस्त म्हणजे तुमच्यात काय?

"पराभव," ते म्हणाले. "हरणं. माल आणि शिकस्त हे दोन शब्द मला कळले, बाकीचं मी जुळवलं. त्या बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं की यंदाही ओल लागली आणि आम्ही हरलो. मी चाळीस वर्षं धंदा करतोय, असं कबूल करणारं माणूस मला क्वचित भेटलं. त्यावर पोती उघडून बुरशी शोधत बसणं आमच्यात फार असभ्य समजतात. म्हणून मी वाकून नमस्कार केला."

मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. कोणावर, ते सांगता येत नाही. कमलताई जर त्यांच्या रोजच्या बोलीत म्हणाल्या असत्या की आमी लई राबलो, लई झटलो, तर मला भाषांतर करावंच लागलं असतं आणि काही बिघडलं नसतं. पण पाहुण्यांचा मान राखायला त्यांनी आपला सगळ्यात चांगला शब्द काढला, आणि पाहुण्यांनी त्यांचा मान राखायला तो शब्द तसाच ठेवून घेतला. दोघांच्या सभ्यपणात त्या बायकांचं वर्ष बुडत होतं. आणि मी मधे बसून हसत होते.

मी त्यांना पायरीवर बसवलं आणि सांगितलं. मराठीत शिकस्त म्हणजे हरणं नाही. मराठीत शिकस्त म्हणजे याहून जास्त करता येणार नाही इतकं करणं. माणूस मोडेल इतकं करणं. कदाचित तुमच्या मोडण्यातूनच ते आलं असेल, मला ठाऊक नाही, मी भाषेची पंडित नाही. पण त्या बाई म्हणाल्या की ओल लागू नये म्हणून आम्ही जिवाचं रान केलं.

फरहादसाहेब पायरीवरून उठले. मग म्हणाले, "पिशवी कुठे आहे?"

सोपाननं डिकी उघडली. फरहादसाहेबांनी पिशवीतलं एक लिंबू घेतलं, कानाशी हलवलं. मग मुठीत धरून दाबलं. कट्कन आवाज झाला. आत काळा, कोरडा, चकाकता गर होता आणि वास असा आला की माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी दुसरं फोडलं. मग हात खोल घालून पिशवीच्या तळातलं काढलं, तेही फोडलं. गाडीच्या बॉनेटवर फुटक्या लिंबांची ओळ लागली. पांढरा डाग कुठेच नव्हता. मी बघत होते आणि सोपानही, ज्याला कालपासून या सगळ्या प्रकरणात फक्त कडू आमटीच लक्षात राहिली होती, गाडीला टेकून लिंबांकडेच बघत उभा होता.

"ओल नाही," फरहादसाहेब शेवटी म्हणाले. बोटांवरचा काळा चुरा त्यांनी रुमालानं पुसला, रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले की सगळा माल घेतो. मला रडू येईल असं वाटलं, पण मी कंपनीच्या कामावर होते.

काकडी

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, काकडी नावाच्या गावाच्या माळावर आहे. राहुरीपासून तिथपर्यंत फरहादसाहेब फारसं बोलले नाहीत, आणि जे बोलले ते बरं नव्हतं. माल घेणं माझ्या हातात आहे, ते म्हणाले, पोचवणं नाही. तिकडच्या बातम्या तुम्ही वाचताच. एखादी जहाज कंपनी एका रात्रीत येणं बंद करते. विमावाले मागे सरतात. कुठल्या तरी राजधानीत कोणीतरी रागावतं आणि माझा कंटेनर बंदरात उन्हात उभा राहतो. हे त्या बाईंना आधी सांगायला हवं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

विमानतळाबाहेर गाडी लावून मी फोन स्पीकरवर टाकला. आधी मी कमलताईंना सगळं सांगितलं, शब्दाचं, फराहबागेचं, फोडलेल्या लिंबांचं.  

"आसं व्हय," कमलताई म्हणाल्या. "म्हंजी आमी हरलो म्हनलो आन वर सगळ्या जनी टाळ्या वाजवीत हुतो." आणि त्या इतक्या जोरात हसल्या की शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघायला लागली. हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला, तो त्यांनी लपवला नाही.

मग फरहादसाहेब जहाजांचं, बातम्यांचं सांगत गेले आणि मी ते मराठीत सांगत गेले. त्या ऐकून घेत राहिल्या. दवाखान्याच्या बोळाची गोष्ट त्यांच्या लक्षात होती, फार समजवावं लागलं नाही. शेवटी फरहादसाहेबांनी फोन हातात घेतला, तोंडाजवळ धरला आणि एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "कमलताई. आम्ही. शिकस्त."

"कोनच्या भाषेतली म्हनावं?" कमलताईंनी लगेच विचारलं.

मी भाषांतर केलं. फरहादसाहेब मिशीत हसले. "मराठी," ते म्हणाले. "इन्शाअल्ला, मराठी."

शिर्डीहून परतणारी माणसं प्रसादाच्या पिशव्या घेऊन आत चालली होती. त्यांच्यात आमचे पाहुणे काळ्या लिंबांची पिशवी छातीशी धरून आत गेले. दारात वळून त्यांनी मी शिकवल्याप्रमाणे "येतो" म्हटलं. जाताना येतो कसं म्हणतात, यावर आदल्या दिवशी त्यांनी माझ्याशी बराच वाद घातला होता.

पनवेल

कंटेनर न्हावा-शेवाहून वेळेवर सुटला, एवढी एक गोष्ट माझ्या कामात नीट झाली. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मलाही तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं. जहाज बंदराबाहेर थांबलं. मग आत गेलं. मग माल उतरला पण पुढची गाडी नाही. टीव्हीवर त्या बाजूचे नकाशे दिसायला लागले, हल्ल्यांचे लाल बाण घातलेले, आणि ऑफिसातल्या निळ्या बाणाकडे मी पाहणं सोडून दिलं. फरहादसाहेबांचा फोन लागेना. कमलताईंचा मात्र अधूनमधून यायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकच प्रश्न: "दार उघडलं का?" मी म्हणायचे, अजून नाही. त्या बरं म्हणून ठेवून द्यायच्या. एकदा त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम गावात येऊन गेला. गटातल्या दोघी-तिघी त्याच्याशी बोलल्या. 

उन्हाळा सरत आला तेव्हा एका दुपारी डबा खाताना मोबाईल वाजला. फरहादसाहेबांचा संदेश, रोमन अक्षरांत एकच शब्द. शिकस्त.

पोळीचा घास हातातच राहिला. सगळा माल गेला, असंच माझ्या मनात आलं, कारण वाईट तेच आधी खरं वाटतं. मग मला कमलताईंचा आवाज आठवला आणि मी उलट लिहून विचारलं, कुठल्या भाषेतली?

उत्तर यायला वेळ लागला. आधी एक फोटो आला. हिरव्यागार कालवणाचं मोठं पातेलं, त्यात सुईनं भोकं पाडलेली अख्खी काळी लिंबं तरंगत होती. मागच्या भिंतीवर कुठल्या तरी तिसऱ्याच लिपीतली पाटी होती. माल त्यांच्या देशाच्याही पुढे, कॅस्पियनच्या पलीकडे पोचला होता. फोटोखाली लिहिलं होतं: मराठी. पुढच्या थंडीतही हवी आहेत.

मी डबा तसाच ठेवून कर्जतला फोन लावला. "कमलताई," मी म्हटलं, "दार उघडलं."

 पलीकडे घासल्याचा आवाज येत होता, खर्र खर्र, तो थांबला.

"कोयत्याला धार लावीत हुते मॅडम," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय, लावतेच की," कमलताई म्हणाल्या. "लिंबोनीच्या वाळक्या फांद्या लई झाल्यात."